पोहऱ्यात दिसत नाही, पण आडात आहे

विदर्भातल्या एका कोळसापट्ट्यातल्या गावात पाण्यावर सभा होती. एप्रिल सरत आला होता, मंडपातला कूलर गरम वारा फेकत होता. एका निवृत्त अभियंत्यांनी बोलता बोलता पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. पाणी नितळ होतं. "हे आपल्या बंद खाणीतलं," ते म्हणाले. "तपासणीचा अहवाल माझ्याकडे आहे, सगळं मर्यादेत. कोट्यवधी लिटर पाणी असंच पडून आहे. सरकारने फुकटचं धरण बांधून दिलंय आणि आपण टँकरची वाट बघतोय. वरून काही विद्वान म्हणतात, आधी मॉडेल करा. अहो, मॉडेल म्हणजे काँप्युटरवर मांडलेली पत्रिका. पाणी समोर आहे. तपासा आणि वापरा."

टाळ्या पडल्या. त्या विद्वानांपैकी एक मी, म्हणून मला उठणं भाग होतं. मी एवढंच विचारलं, "बाटली किती खोलीवरून भरली?" ते म्हणाले, "इन्क्लाइनच्या तोंडाशी पाणी लागलंय, तिथून. खोली कशाला पाहिजे?" तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि जेवणाची सूचना झाली. माझं उत्तर राहून गेलं, ते इथे देतो. त्या गृहस्थांचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. पण हाच युक्तिवाद मी नागपूरला ऐकला आहे, गोव्यात ऐकला आहे, आणि तो दर उन्हाळ्यात थोडा अधिक जोराने केला जातो.

त्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. खाणीतून पाणी उपसावं लागतंच, नाहीतर कोळसा निघत नाही. ते नाल्यात सोडून देण्यापेक्षा वापरलं तर उत्तमच. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं गेलं, त्यात मला काही वावगं दिसत नाही. वीजकेंद्राला धरणाच्या पाण्याऐवजी खाणीचं पाणी दिलं तर तेवढं धरणाचं पाणी वाचतं. गोव्यात ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मग जे खंदक पावसाने भरत गेले, त्यांचं पाणी टंचाईत नदीत सोडून नळयोजनांना आधार दिला गेला. ही सगळी कामं झाली आहेत आणि होतील. भांडण वापराशी नाहीच. भांडण आहे ते 'धरण' या शब्दाशी, आणि त्या बाटलीशी.

धरणात किती पाणी आहे हे पातळी बघून सांगता येतं, कारण तळ कुणीतरी मोजलेला असतो. भूमिगत खाणीचा तळ कसा असतो? कोळसा काढताना मध्ये खांब राखतात. मग मागे सरत येताना ते खांबही काढतात आणि छत पडू देतात. पडलेल्या भागाला खाणीतले लोक गोफ म्हणतात. त्या गोफात दगडांच्या फटीफटीत किती जागा उरली, याचा अंदाज करता येतो, मोजमाप नाही. काही पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या आखलेल्या कप्प्यांत, नदीची वाळू भरलेली असते. काही खांब तसेच उभे असतात. वरच्या थरातलं काम खालच्या थराशी कुठेतरी शाफ्टने, म्हणजे उभ्या विहिरीने, जोडलेलं असतं, शेजारच्या खाणीशी कुठेतरी चुकून जोडलेलं असतं. म्हणजे मोठं एक तळं नव्हे; अंधारात ठेवलेले लहानमोठे रांजण, आणि एकाच्या काठाला पडलेल्या भोकातून दुसऱ्यात सांडणारं पाणी.

रांजणाची उपमा माझी आहे, कल्पना मात्र माझी नाही. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठात पॉल यंगर यांच्या गटाने १९९०च्या दशकात बंद कोळसाखाणींसाठी जी मॉडेलं बांधली त्यांचा पाया हाच होता. खणलेल्या क्षेत्राचे असे भाग पाडायचे की एका भागात पातळी जवळपास एकच राहील, आणि दोन भाग जिथून एकमेकांत सांडतात त्या जागा शोधायच्या. असं का करावं लागलं? नेहमीचं भूजलाचं गणित हेन्री डार्सी याच्या १८५६च्या प्रयोगांवर उभं आहे. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात त्याने नळीत वाळू भरून तिच्यातून पाणी सोडलं आणि नियम बसवला. वाळूत, मुरमात, सच्छिद्र दगडात तो चालतो. पण दोन माणसं उभी चालतील अशा बोगद्यातून पाणी वाळूतल्यासारखं झिरपत नाही. ते नळातल्यासारखं, खळाळत धावतं. तिथे डार्सी लावला की उत्तर चुकतं, आणि थोडंथोडकं चुकत नाही. वाळूचं गणित खाणीला लावून काढलेले भूजलाचे नकाशे मी बघितले आहेत. रंग छान होते.

आता पंप बंद केल्यावर पाणी कसं चढतं ते बघा. पाणी सरळ रेषेत चढत नाही. नुसत्या शाफ्टच्या पट्ट्यात ते झपाझप वर येतं, आणि मोठ्या खणलेल्या थराची पातळी आली की महिनोन्महिने जागचं हलत नाही. तिथे रांजण भरत असतो. शिवाय आतलं पाणी जसजसं वर येतं तसा बाहेरून येणारा ओघ मंदावतो. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदीवर पट्टी ठेवून रेघ पुढे ओढणारा माणूस एकतर फार लवकरची तारीख सांगतो किंवा फार उशिराची. आणि ही तारीख महत्त्वाची असते, कारण एके दिवशी रांजण भरून पाणी सांडणार असतं. कुठून सांडणार, हे आधी माहीत असलेलं बरं.

ते माहीत नसलं की काय होतं याचं उदाहरण कॉर्नवॉलचं आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला व्हील जेन नावाची कथलाची खाण होती. (या 'व्हील'चा चाकाशी संबंध नाही, जुन्या कॉर्निश भाषेत तो खाणीचा शब्द आहे.) १९८५ साली जगात कथलाचा भाव कोसळला आणि ही खाण लंगडत लंगडत १९९१पर्यंत चालली. त्या मार्चमध्ये पंप बंद झाले. आजूबाजूच्या जुन्या खाणी तिला आतून जोडलेल्या होत्या, शतकानुशतकांचं खोदकाम. पाणी चढत गेलं आणि नोव्हेंबरात, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, निचऱ्याच्या जुन्या बोगद्यापर्यंत पोचलं. मग धावपळ सुरू झाली. चुना टाकून आम्लता मारायची आणि पाणी उचलून गाळाच्या धरणात सोडायचं, असं काही आठवडे चाललं. जानेवारीच्या सुरुवातीला वादळी हवेत तिथला गाळ बसेना, म्हणून उपसा थांबवला गेला. आत पाणी चढतच होतं. १३ जानेवारी १९९२ रोजी शेजारच्या नॅनजाइल्स खाणीच्या बोगद्याचं बूच फुटलं आणि सुमारे ५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी कार्नन नदीत गेलं. लोह, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक सगळं त्यात होतं. नदीबरोबर खाडी नारिंगी झाली. फाल नदीच्या मुखापर्यंत तो पट्टा पसरला आणि त्याची छायाचित्रं देशभर छापून आली.

माझे प्रतिपक्षी म्हणतील, आणि काहींनी म्हटलंही आहे, की त्या खाडीतल्या जिवांचं फार कायमचं नुकसान झालं नाही. खरं आहे. तिथले जीव आधीच्या दोन-तीनशे वर्षांच्या खाणकामाने धातूंना सरावलेले होते. याला दिलासा म्हणायचं असेल तर म्हणा. पण तिथे २००० साली कायमचं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि ते आजही चालू आहे: चुना टाका, गाळ काढा, गाळ साठवा, पुन्हा चुना टाका. खाण बंद करून वाचवलेला पंपाचा खर्च दुसऱ्या दाराने आत आला आणि घरजावई होऊन बसला. त्या वेळचा ब्रिटिश कायदा तर बघण्यासारखा होता. सोडून दिलेल्या खाणीतून पाणी 'वाहू देणं' हा मालकाचा गुन्हाच धरला जात नव्हता. पुढे १९९५च्या पर्यावरण कायद्याने ही पळवाट बंद केली, तीही ३१ डिसेंबर १९९९ नंतर सोडलेल्या खाणींपुरती, आणि खाण सोडण्याआधी सहा महिने सूचना देणं सक्तीचं केलं. नऊ महिन्यांत भरणाऱ्या खाणीला सहा महिन्यांची सूचना कितपत पुरते हा प्रश्न वेगळा.

आता ते पाणी आम्ल का झालं, हे बघू, कारण 'तपासा आणि वापरा' या सल्ल्याचा पाय इथेच घसरतो. दगडात पायराइट असतं, लोह आणि गंधक यांचं पिवळं चमकणारं खनिज. जमिनीखाली, पाण्याखाली असतं तोवर ते निमूट असतं. खाण खोदली, पाणी उपसलं, हवा आत गेली की ते गंजू लागतं आणि त्यातून सल्फ्यूरिक आम्ल तयार होतं. काही सूक्ष्मजीव याच गंजण्यावर जगतात आणि त्याचा वेग कितीतरी वाढवतात. खाण चालू असते तोपर्यंत या गंजातून तयार झालेले क्षार भिंतींवर, फटींत, गोफातल्या दगडांवर पापुद्र्यासारखे धरून राहतात. खाण कोरडी असते, म्हणून ते कुणाला त्रास देत नाहीत. मग पंप बंद होतो, पाणी चढतं आणि वर्षानुवर्षांचे ते सगळे क्षार एका झटक्यात विरघळतात. आपल्याकडे पहिल्या पावसाचं पन्हाळीचं पाणी कुणी साठवत नाही, कौलांवरची वर्षाची धूळ त्यात उतरलेली असते. खाणीचा पहिला लोंढा तसाच असतो. फरक इतकाच की पन्हाळीचा लोंढा दहा मिनिटांत धुऊन जातो. यंगर यांनी अनेक खाणींच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की खाण भरायला जितका काळ लागला त्याच्या साधारण चौपट काळ हा लोंढा निवळायला लागतो. पाच वर्षांत भरलेली खाण पुढची वीस वर्षं निवळत राहील. त्यानंतरही पाणी पूर्ण स्वच्छ होत नाही, कारण पातळी ज्या पट्ट्यात खालीवर होते तिथे पायराइट दर वर्षी थोडं थोडं गंजत राहतं.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. धरण उपयोगाला येतं ते रिकामं होतं म्हणून. पावसाळ्यात भरायचं, उन्हाळ्यात उपसायचं, हाच त्याचा धर्म. गंधक असलेल्या खाणीला ही सवय लावली की काय होईल? उन्हाळ्यात पातळी दहा मीटर उतरली, दहा मीटर दगड उघडा पडला, हवा आत शिरली, पायराइट गंजलं, क्षार धरले. पावसाळ्यात पाणी परत चढलं आणि ते क्षार धुऊन घेतले. पुढच्या उन्हाळ्यात नळाला तेच पाणी. अशा खाणीला धरणासारखं वागवलं की जो लोंढा कधीतरी संपला असता तो वार्षिक होतो. पाणी घ्यायचंच तर किती खोलीवरून, किती वेगाने, पातळी कुठल्या रेषेखाली जाऊ न देता, हे ठरवावं लागतं. ते कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं नसतं.

बाटलीबद्दलच बोलतो. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आडाबद्दल खरी आहे, कारण आडातलं पाणी पोहऱ्यागणिक ढवळलं जातं. भरलेल्या खाणीत प्रकार उलटा. पाण्याचे थर पडतात. वरून झिरपलेलं पावसाचं हलकं पाणी वर तरंगतं. क्षारांनी जड झालेलं जुनं पाणी तळाशी बसतं. मध्ये कधी कधी इतकी स्पष्ट सीमा असते की शाफ्टमध्ये उपकरण सोडलं तर मीटर-दोन मीटरमध्ये आकडे पालटतात. आडात आहे ते पोहऱ्यात येत नाही. नटॉल आणि यंगर यांनी २००४ साली या विषयावर शोधनिबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच, भरलेल्या खाणीतल्या या थरांना दुर्लक्षित राहिलेला खड्डा म्हटलं आहे. आता कल्पना करा: काठावरचा नमुना उत्तम आला, योजना मंजूर झाली, मोठा पंप खाली सोडला. पंप वरचं पाणी संपवतो आणि खालचं ओढतो. किंवा थरच मोडतो. योजनेच्या उद्घाटनाचं पाणी गोड आणि दुसऱ्या वर्षीचं कडू. मग लोक म्हणणार, कंत्राटदाराने फसवलं. कंत्राटदाराने अनेक ठिकाणी फसवलं असेल, पण या वेळी त्याचा दोष नसेल.

पृष्ठभागावरून पाण्याची परीक्षा करण्याची हौस पाखरांनाही असते. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट शहरात तांब्याचा एक अवाढव्य खड्डा आहे, बर्कली पिट. १९८२च्या एप्रिलमध्ये तिथले पंप बंद झाले आणि खड्डा भरू लागला. वरून सुंदर सरोवर. १९९५ साली स्थलांतर करणारे हिमहंस त्यावर उतरले आणि ३४२ मेलेले सापडले. २०१६च्या नोव्हेंबरात वादळात सापडलेले हजारो उतरले. तीन हजारांहून अधिक मेले.

इथे अभियंतासाहेब मला अडवतील. ते सभेत अडवणारच होते. "कुठे मोंटाना, कुठे आपण! आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं." अगदी खरं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधक सहसा एक टक्क्याच्या आत. आसाम-मेघालयाच्या कोळशाची गोष्ट वेगळी. तिथल्या कोळशात गंधक भरपूर आणि जैंतिया टेकड्यांमधली लुखा नदी हिवाळ्यात निळी पडू लागली. गोव्याचं खनिज तर लोहाचं ऑक्साइड, आधीच गंजून बसलेलं. तिथे आम्लाची भीती जवळपास नाही. तिथली चिंता मँगनीज, बारीक गाळ, आणि शेजारच्या गावांच्या विहिरी. खंदक भूजलपातळीच्या कितीतरी खाली गेलेले, त्यामुळे खंदक उपसला की विहीर उतरते. विदर्भात चिंता सल्फेटची, कडकपणाची, काही पट्ट्यांत फ्लोराइडची. म्हणजे तीन ठिकाणी तीन वेगळे आजार. मग तिन्हींना एकच औषध, 'तपासा आणि वापरा', कसं लागू पडेल? माझ्या खाणीचं दुखणं वेगळं आहे असं म्हणणारा माणूस खरं तर त्याच्या खाणीचं वेगळं मॉडेल मागतो आहे. ते त्याच्या लक्षात येत नाही एवढंच.

आता 'पत्रिका' या टोमण्याकडे येतो, कारण त्यांच्या भात्यातला सगळ्यात टोकदार बाण तोच. त्यांना माहीत नसेल, पण त्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे आणि तो मीच देतो. २००६ साली अमेरिकेत काइपर्स आणि मेस्ट यांच्या गटाने एक हिशोब मांडला. धातूंच्या २५ खाणी घेतल्या. परवानगी मागताना पाण्याच्या दर्जाबद्दल जे भाकीत केलं होतं ते आणि नंतर प्रत्यक्ष जे झालं ते शेजारी शेजारी ठेवलं. २५ पैकी १९ ठिकाणी पाणी मानकांच्या बाहेर गेलेलं निघालं. उपाय केले की सगळं मर्यादेत राहील, असं कागदावर होतं. मॉडेलवाल्यांची याहून मोठी नाचक्की शोधून सापडणार नाही.

पण हा हिशोब मांडता कसा आला? भाकितं लेखी होती म्हणून. गृहीतकं लेखी होती: इतकं पाणी येईल, इतका दगड आम्ल करेल, अमुक अस्तर गळणार नाही. म्हणून कुठलं गृहीतक फसलं हेही काढता आलं. बऱ्याच ठिकाणी पाण्याचा ओघ कमी धरला होता, किंवा उपायावर नको तितकी भिस्त ठेवली होती. ज्योतिषाची पत्रिका फसली की ग्रह बदलतात. तिची चूक पकडायची सोय नसते. मॉडेल चुकतं तेव्हा कुठे चुकलं ते दाखवता येतं, आणि ज्याने सही केली त्याला जाब विचारता येतो. बाटलीवर कुणी काय सही केली आहे? 'त्या दिवशी, त्या जागी, त्या खोलीवर पाणी ठीक होतं.' उद्याबद्दल ती बाटली कुणालाच बांधून घेत नाही. मला वाटतं, तिची लोकप्रियता त्यातच आहे.

मॉडेलने बांधून घेणं म्हणजे काय, तेही त्याच बर्कली पिटात दिसतं. खड्ड्यातलं पाणी समुद्रसपाटीपासून ५,४१० फुटांच्या वर गेलं तर प्रवाह उलटून शहराच्या बाजूच्या भूजलात शिरू शकतो, असं गणिताने आणि विहिरींच्या नोंदींनी ठरवलं गेलं. ती रेषा १९९४ च्या सरकारी निर्णयात लिहिली गेली आणि तिचं उल्लंघन होऊ न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. पाणी रेषेपर्यंत पोचण्याची तारीख अनेकदा बदलली, भाकीत पुढेमागे झालं. रेषा हलली नाही. शुद्धीकरण केंद्र २००३ सालीच बांधून झालं, आणि २०१९ पासून खड्ड्यातलं पाणी उपसून, शुद्ध करून पातळी रेषेखाली धरली जाते. हंस मेले, ते काही मॉडेल वाचवू शकलं नाही. शहराच्या भूजलाखाली मात्र एक रेषा कायद्याने आखलेली आहे. इंग्लंडच्या पूर्व डरहॅममध्येही असंच. कोळसाखाणींतलं चढतं पाणी वरच्या चुनखडीच्या जलधरात, म्हणजे लोकांच्या पिण्याच्या पाण्यात शिरणार हे आधी ओळखलं गेलं, आणि २००४ मध्ये हॉर्डन इथे पाणी उपसून शुद्ध करायला सुरुवात झाली. तिथे काही फुटलं नाही, काही नारिंगी झालं नाही, आणि म्हणून त्याची छायाचित्रंही कुठे छापून आली नाहीत.

एवढं बोलून मी माझ्याच पंगतीतल्या लोकांना सोडणार नाही. आपल्याकडचे मॉडेलचे अहवाल मी वाचतो. कितीतरी अहवालांत मॉडेल म्हणजे खरंच पत्रिका असते. दोन निरीक्षण विहिरी, एका पावसाळ्याच्या नोंदी, बाकी आकडे 'साहित्यातून घेतले'. चूक किती होऊ शकते याचा एक शब्द नाही. शेवटी ठरलेलं वाक्य: परिणाम नगण्य. त्या वाक्यासाठी पैसे दिलेले असतात हे सगळ्यांना माहीत असतं. मॉडेलची फाइल मागितली तर मिळत नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो, त्यासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात, कोळसा नियंत्रकांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कागद आहेत. त्या कागदांत पुन्हा चढणाऱ्या पाण्यासाठी, तारखेसाठी, सांडण्याच्या जागेसाठी एक स्वतंत्र पान असावं, आणि ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लागावं, एवढी माझी मागणी आहे. खर्चाचा मुद्दा कुणी काढला तर मी ऐकायला तयार नाही. एका नळयोजनेच्या उद्घाटनाच्या मंडपात जेवढं जातं तेवढ्यात तीन शाफ्टमध्ये खोलीनिहाय मोजणी होते.

आणि सगळ्या गणिताच्या तळाशी नकाशा असतो. खाणीचा नकाशा खोटा असेल तर मॉडेल, बाटली, अभियंता आणि मी, सगळे सारखेच आंधळे. भरलेल्या जुन्या खाणीचं पाणी नकाशा वाचत नाही, हे आपल्या देशाला प्राण देऊन कळलं आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाल्यात वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातलं पाणी खालच्या खाणीत कोसळलं. ३७५ माणसं गेली. 'काला पत्थर' या सिनेमामागे तीच घटना. २ फेब्रुवारी २००१ रोजी झरियात बागडिगीला शेजारच्या बंद खाणीचं पाणी आत घुसलं, २९ गेले. तिथे दोन खाणींमधला दगडी पडदा नकाशावर जेवढा जाड दाखवला होता तेवढा प्रत्यक्षात नव्हता. २०१८च्या डिसेंबरात मेघालयात क्सान इथे १५ कामगार बिळासारख्या खाणीत अडकले, पाणी शेजारच्या जुन्या खोदकामांतून आलं असं मानलं जातं. तिथे तर नकाशाच नव्हता. ही पाण्याच्या दर्जाची नव्हे, पाण्याच्या वाटेची उदाहरणं आहेत, असं कुणी म्हणेल. वाट आणि दर्जा वेगळे करता येत नाहीत. पाणी कुठल्या गोफातून येतं यावर ते काय घेऊन येतं हे ठरतं.

त्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी अभियंतासाहेबांना गाठलं आणि विचारलं, "त्या खाणीचे नकाशे कुठे आहेत?" माणूस प्रामाणिक. म्हणाले, "ऑफिस हललं तेव्हा बरंच गेलं. पण आमचे एक सर्व्हेअर आहेत, आता गावातच राहतात. त्यांच्या घरी काही असतील. जाऊ या, मीही येतो." आठवड्याने आम्ही दोघं गेलो. सर्व्हेअरांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. कापडावर चिकटवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. जमिनीवर एक पसरला आणि चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवले. थर, पॅनेलं, खांब, सगळं शाईने, सुबक. पूर्वेच्या कडेला, शेजारच्या खाणीच्या बाजूला, शाईची हद्द होती आणि तिच्या पलीकडे पेन्सिलीची एक तुटक रेघ.

"ही काय?" मी विचारलं.

"ती शेवटच्या वर्षी मारलेली गॅलरी. पक्क्या नकाशावर चढवायची राहिली."

अभियंतासाहेबांनी चष्मा पुसला आणि रेघेवर बोट ठेवून ते पूर्वेकडे सरकवत नेलं, नकाशाच्या बाहेर, फरशीवर. "म्हणजे हे पाणी इकडून त्या खाणीत जातं," ते हळू म्हणाले. "तिचं तोंड नाल्याच्या काठाला आहे. खाली आपल्या नळयोजनेची विहीर."